टायटॅनिकवर हिंदुस्थानातून गेलेलं कोणी होतं का?

बंदरावरची_मुलगी: माझे आजोबा गोदीत होते, त्यामुळे बोटींचं वेड लहानपणापासून. टायटॅनिकचं वाचताना कॅप्टन स्मिथ आणि धनाढ्य ॲस्टर यांचीच नावं सारखी येतात. आपल्याकडून निघालेलं कोणी त्यात होतं का?

जुना_नकाशा: होतं ना! ॲनी फंक. अमेरिकन मिशनरी, जांजगीरला (आता छत्तीसगडात) मुलींची शाळा चालवायची. आई आजारी असल्याची तार आली म्हणून मुंबईहून बोटीनं निघाली. इंग्लंडहून पुढे तिचं तिकीट हॅवरफर्ड बोटीचं होतं, पण कोळसा खाणकामगारांच्या संपामुळे ती बोट सुटेना. मग टायटॅनिकचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट घेतलं. १२ एप्रिल १९१२ ला बोटीवरच तिला ३८ वर्षं पूर्ण झाली आणि तीन दिवसांत सगळं संपलं. तिच्या शाळेतल्या मुलींना ही बातमी कुणी, कशी सांगितली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

बंदरावरची_मुलगी: अंगावर काटा आला. आणि कोणी?

किनारा७२: रूथ बेकर, वय १२, जन्म गुंटूरचा. धाकटा भाऊ आजारी, म्हणून आई तिन्ही मुलांना घेऊन मिशिगनला निघालेली. आईनं तिला ब्लँकेटं आणायला परत केबिनमध्ये पाठवलं. आई आणि भावंडं ११ नंबरच्या होडीत गेली, रूथ १३ नंबरच्या. तिथे कुडकुडणाऱ्या भट्टीवाल्यांना (बोटीच्या भट्टीत कोळसा टाकणाऱ्या कामगारांना) तिनं तीच ब्लँकेटं दिली. वाचलेल्यांना उचलून घेणाऱ्या कार्पेथिया बोटीवर मायलेकी पुन्हा भेटल्या.