त्या विमानवाल्या कपाबद्दल थोडी भर

दादा, ठाण्यात जांभळी नाक्याजवळ जुन्या सामानात मिळालेला तुमचा मॉडेल विमानांच्या बक्षिसाचा कप चांदीचा आणि १९३५ च्या आसपासचा असं तुम्ही म्हणताय, पण फोटोत कपावरच्या नावाच्या पट्टीवर चक्क 'कंट्रोल लाइन' कोरलेलं दिसतंय, आणि तारा हातात धरून स्वतःभोवती गोल उडवायची ही छोटी मॉडेल विमानं १९४० च्या सुमाराला अमेरिकेत जिम वॉकरमुळे रुळली, त्यामुळे तारीख पुढे सरकवावीच लागेल. तो वेकफिल्ड कप या आंतरराष्ट्रीय मॉडेल विमान स्पर्धेच्या कपाची नक्कल असेल हेही मला पटत नाही, १९२८ पासूनची ती स्पर्धा पिळलेल्या रबराच्या जोरावर उडणाऱ्या विमानांची, आजही एफ१बी या गटाच्या नावाने चालते.

कपाच्या बुडाला ईपीएनएस (इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर) छापलंय ना, म्हणजे आत तांबं, जस्त, निकेल आणि वर फक्त चांदीचा मुलामा. इंग्लंडच्या खऱ्या चांदीवर चालत्या सिंहाचा छाप असतो, सोबत जहाजाच्या नांगराचा छाप असला तर चांदी बर्मिंगहॅमला तपासलेली.

आता खरं काम त्या पट्टीचं! पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल हलकेच घासा, झिजलेली अक्षरं उठतात, आणि लाकडी बैठकीखाली कप विकणाऱ्या दुकानाचा शिक्का आहे का बघा, माझ्या मते मूळ तिथूनच सापडेल. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग, म्हणजे मॉडेल विमानं बनवणं-उडवणं, असतं, ठाण्यातल्या जुन्या कॅडेट मंडळींना फोटो दाखवाच. आणि प्लीज ब्रासो पॉलिश लावू नका हो, मुलामा जातो आणि नावंही पुसट होतात. पेन्सिलवाला कागद झाला की फोटो टाका, आपण मिळून वाचू.