रांचेरा प्रेमगीतं: ड्रम नसताना ताल एवढा ठाम कसा?

प्रश्न: सध्या रोज रात्री मेक्सिकन गायक विसेन्ते फर्नांदेझची रांचेरा, म्हणजे तिकडच्या पारंपरिक ढंगाची, प्रेमगीतं ऐकतेय. काय तो आवाज! शेवटचा सूर तो सोडतच नाही, अंगावर काटा येतो. पण मागच्या मारियाचीत (व्हायोलिन, ट्रम्पेट, गिटारींच्या मेक्सिकन वाद्यवृंदात) ड्रम ऐकूच येत नाही, मग ताल कोण धरतं? आणि ट्रम्पेट कुठे दणदणीत, कुठे अगदी दबके का? पुढे कोणाला ऐकू?

उत्तर: ताल ग्वितारोन आणि विउएला धरतात. ग्वितारोन म्हणजे फुगीर पोटाची, सहा तारांची भलीमोठी गिटार. तिच्या दोन तारा बहुधा एकदम ओढतात, त्यामुळे एकच सूर दोन सप्तकांत वाजतो आणि खर्ज भरीव लागतो. विउएला लहान, पाच तारांची. मधल्या मात्रा तिच्या झणकारात ऐका. संथ गाणी बरीचशी बोलेरो रांचेरो, म्हणजे मारियाचीच्या साथीची हळुवार प्रेमगीतं, चार मात्रांची. तिथे ट्रम्पेटला अनेकदा म्यूट (तोंडात बसवायचं, आवाज दबका करणारं बूच) लावतात. तीन मात्रांच्या गाण्यांत मात्र ते मोकळे सुटतात, आणि मला तेच जास्त आवडतात.

उत्तर: पुढे हाविएर सोलिस! १९६६ साली, अवघ्या ३४व्या वर्षी गेला. बोलेरो रांचेरो इतका मखमली कोणीच गायला नाही.

उत्तर: रोसिओ दुरकालही ऐका. मूळची माद्रिदची, पण मेक्सिकन गीतकार-गायक हुआन गाब्रिएलची गाणी मारियाचीसोबत गायली आणि मेक्सिकोने तिला आपलं मानलं.

प्रश्नकर्ती: सोलिस लावला. म्यूटचा ट्रम्पेट लगेच ओळखू आला! विसेन्तेने गायलेल्या, रांचेरा गीतकार होसे आल्फ्रेदो हिमेनेझच्या गाण्यांपैकी तीन मात्रांची कोणती, तेवढं सांगाल का?