शब्दचर्चा: 'इमर्सिव्ह' आर्ट फेस्टिव्हलला मराठीत काय म्हणाल?

गिरगावची रहिवासी: मंडळी मदत हवीय. कॉलेजच्या मुलांना काळा घोडा फेस्टिव्हलला न्यायचंय, त्यासाठी एक माहितीपत्रक मराठीत करतेय. मूळ इंग्रजी मजकुरात आहे 'इमर्सिव्ह आर्ट्स फेस्टिव्हल इन पब्लिक स्पेसेस'. पब्लिक स्पेसेसचं सार्वजनिक जागा झालं, तिथवर ठीक, पण इमर्सिव्हला (म्हणजे बघणाऱ्याला चहूबाजूंनी वेढून घेणारं) गाडी अडलीय. एका ट्रान्सलेशन ॲपनं 'विसर्जनात्मक' असं दिलं. आता गिरगावात राहून मुलांना विसर्जनात्मक महोत्सवाला चला म्हटलं तर ती ढोलताशा घेऊन चौपाटीवर हजर होतील :) काहीतरी सुचवा.

शुद्धकीबोर्ड: शब्द आपल्याकडे आधीपासून आहे. संस्कृत मस्ज् म्हणजे बुडणे, त्यावरून मग्न, निमग्न, मज्जन. तेव्हा 'निमग्नकारी कलामहोत्सव' म्हणायला हरकत नसावी.

मधली आळी: अहो हरकत काही नाही पण पत्रक वाचून कोणी येणारच नाही ना. शिवाय मग्न किंवा निमग्न असतो तो बघणारा, वस्तू नाही. आपण 'तो वाचनात मग्न आहे' म्हणतो, 'मग्न पुस्तक' म्हणत नाही. मराठीत ही गोष्ट क्रियापदात येते असं मला वाटतं, म्हणजे गुंगवून टाकणारं, भारून टाकणारं, आत ओढणारं. बुडवणारं मात्र म्हणू नका, पैसे बुडवणारा फेस्टिव्हल वाटेल (प्रवेश फुकट असतो तरी).

स्टूलवरचा चित्रकार: जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या. आधी इन्स्टॉलेशनचं (वस्तू, आवाज, उजेड मांडून अख्खी जागाच कलाकृती करतात, त्याचं) बघू, कारण इमर्सिव्ह हे बहुतेक वेळा त्याच्यासाठीच वापरतात. त्याला 'मांडणशिल्प' हा शब्द मराठी कलासमीक्षेत रुळलाय आणि चांगला आहे, फक्त जिथे नुसता आवाज किंवा उजेड असतो तिथे शिल्प म्हणताना जीभ अडखळते. आता इमर्सिव्ह. जहांगीर आर्ट गॅलरीत आपण चित्रासमोर उभे राहतो, चित्र तिकडे आपण इकडे. बाहेर रॅम्पार्ट रोवर आलं की फेस्टिव्हलच्या नऊ दिवसांत मांडणशिल्पं रस्त्यातच असतात, त्यांच्यामधून वाट काढत जायचं, मधेच कोणाचं तरी पथनाट्य सुरू होतं, आणि आपण प्रेक्षक आहोत की गर्दीतला एक भाग हेच कळेनासं होतं. पण या शब्दाचा खरा अर्थ मला कळला ससून डॉकला, म्हणजे कुलाब्याच्या मासळी बंदरात, 2017 साली तिथे आर्ट प्रोजेक्ट झाला होता तेव्हा. कोळणींचे मोठाले चेहरे भिंतींवर लावलेले, आत जुन्या गोदामांत एकेक खोली कलाकारांना दिलेली, आणि सगळ्याच्या वर तो मासळीचा वास! तो कोणी क्युरेट केलेला नव्हता पण तोच सगळ्यात इमर्सिव्ह होता. कपड्यांना लागून घरापर्यंत आला. म्हणून मी साधं म्हणेन, 'आत शिरून बघायची कला'. विशेषणाची गरजच काय?

जाता जाता, ससून डॉक बांधलं अल्बर्ट ससूननं 1875 मध्ये, आणि ज्या पुतळ्यामुळे काळा घोडा हे नाव पडलं तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही त्याचीच देणगी.

गिरगावची रहिवासी: हे माहीतच नव्हतं! मुलं दरवेळी विचारतात की घोडा कुठाय.

स्टूलवरचा चित्रकार: मूळचा 1965 ला हलवला, आता राणीच्या बागेत आहे. सध्या चौकात दिसतो तो 2017 मध्ये बसवलेला, त्याच्यावर स्वार नाही. आणि हो, पत्रकात कृपा करून 'काळा' लिहा, 'काला घोडा' नको.

मधली आळी: मला पुण्याच्या गणपतीतला शब्द सुचतोय, देखावा. सार्वजनिक जागा, फुकट, रात्रभर चालत फिरायचं, हलते देखावे, कुठे मंडळानं गुहा केलेली असते तिच्यातून वाकून जायचं, आत अंधार, धूर, घुमणारा आवाज. इमर्सिव्ह म्हणजे अजून काय असतं? इंग्रजी शब्द यायच्या आधीपासून आपण हे करतोय.

शुद्धकीबोर्ड: पण 'नुसता देखावा' म्हणजे खोटा दिखाऊपणा. महोत्सवाला ते नाव देणं अपमानाचं होईल.

मधली आळी: मग नाटक, तमाशा, सोंग यांचं काय करायचं? 'नाटकं करू नकोस', 'रस्त्यात तमाशा नको', 'सोंगं पुरे' हे रोज ऐकतो, तरी नाटकाची तिकिटं काढतोच की. मराठीत कलेचा जवळजवळ प्रत्येक शब्द शिवी म्हणूनही चालतो, त्यात देखाव्याचीच बदनामी का?

स्टूलवरचा चित्रकार: मुद्दा पटला, तरी एक फरक आहे. बहुतेक देखाव्यांत दोरी असते, रांग असते, स्वयंसेवक 'चला चला पुढे चला' करत असतो. इमर्सिव्हमध्ये थांबायची मोकळीक पाहिजे, हात लावता आला पाहिजे. गुहेवाल्या मंडळांना मार्क देतो, बाकीच्यांना नाही.

पणजीहून: आमच्याकडे डिसेंबरात सेरेंडिपिटी कलामहोत्सव असतो, 2016 पासून. जुन्या जीएमसीच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात राहायचं, बाहेर मांडवी नदी. गोव्यात फेस्टिव्हलला शब्द शोधायची वेळच येत नाही, चर्चचं फेस्त पोर्तुगीजांपासून आहे आणि फेस्ताला जी दुकानं लागतात ती फेरी. शिगमोत रस्त्यावरून जातात ते चित्ररथ. पण इमर्सिव्हला आम्हीही इमर्सिव्हच म्हणतो, खोटं कशाला बोलू. माझी आई मात्र तिथून आल्यावर म्हणाली, 'बरं होतं, हिंडून बघायचं होतं.' मला तर हेच भाषांतर वाटतं.

गिरगावची रहिवासी: आईंना नमस्कार सांगा, 'हिंडून' आवडलं. असं लिहू का: 'मुंबईच्या रस्त्यांवर, चौकांत, बागांत हिंडून, आत शिरून बघायचा कलामहोत्सव'?

शुद्धकीबोर्ड: रस्त्यावर हिंडतात, बागेत शिरतात, पण 'महोत्सवात शिरून बघणे' जरा घुसल्यासारखं वाटतं. 'हिंडत, रमत बघायचा' करा. निमग्नचा हट्ट मी सोडला.

मधली आळी: रमत ठीकच आहे, पण मग मुलं रमतगमत येतील आणि फेस्टिव्हलमधली वारसा फेरी (हेरिटेज वॉक) चुकेल. वेळ ठळक अक्षरात छापा.

स्टूलवरचा चित्रकार: आणि मांडणशिल्पांना हात लावायच्या आधी तिथली पाटी वाचा, अशी एक ओळ टाका. प्रत्येक ठिकाणी चालत नाही.