काजूचा हंगाम आणि माकडताप: गोचीड चावल्यावर कोणत्या दिवशी काय करायचं?

बागायत_दोडामार्ग विचारतात:
काजू गोळा करायला माणसं बागेत उतरली आहेत. बाग रानाला लागून आहे, माकडांचा वावर रोजचा. चार गोष्टी नेमक्या कळायला हव्यात. गोचीड चिकटली तर कशी काढायची? ताप आला तर कोणती तपासणी कितव्या दिवशी करायची? लस मिळते का? आणि घरी आजारी माणसाची सेवा करणाऱ्याला लागण होते का?

रानपाचोळा:
आधी कोणती गोचीड ते नीट समजून घ्या. गुराच्या कानाला लोंबणारी टपोरी गोचीड इथे मुख्य धोका नाही. माकडताप हा गोचिडीतून पसरणारा विषाणूचा आजार. माणसाला तो विषाणू मुख्यतः हीमाफायसालिस स्पिनिजेरा या जातीच्या पिल्लू गोचिडीकडून मिळतो. ती जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी असते, चावलेलं कळतही नाही. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात ही पिल्लं पातेऱ्यात, म्हणजे जमिनीवरच्या वाळक्या पाल्यापाचोळ्यात असतात आणि काजूची बोंडंही नेमकी तेव्हाच खाली पडतात. 2015 साली गोव्यात सत्तरीच्या पाली गावात आणि 2016 मध्ये दोडामार्गात साथ आली, ती याच हंगामात.

बागेत जाताना फुलबाह्यांचा सदरा आणि लांब पँट घाला. पँटचे पाय मोज्यांत खोचा. आरोग्य विभाग देतो ते गोचीड दूर ठेवणारं तेल उघड्या हातापायांना लावा. पातेऱ्यावर बसू नका, जेवायलाही नाही. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका, साबण लावून आंघोळ करा आणि गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, कंबरपट्ट्याखाली, कानामागे बोटं फिरवून बघा. गोठ्यात अंथरायला रानातला पातेरा आणत असाल तर या महिन्यांत बंद करा. त्यातून गोचिडी थेट घराजवळ येतात.

चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरायची आणि न पिळता सरळ वर ओढायची. रॉकेल, चुना, तंबाखू, पेटती काडी यांतलं काहीही लावू नका, बोटांनी चिरडूही नका. नंतर जागा साबणाने धुवा आणि तारीख लिहून ठेवा. ती पुढे लागते.

तापतपासणी:
तारीख का, ते सांगते. चावल्यापासून 3 ते 8 दिवसांत ताप येतो, तोही एकदम: थंडी, कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, कंबर-पोटऱ्या पिळवटणं, लाल डोळे, उलट्या. काहींच्या हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स उतरतात, म्हणून पहिला संशय डेंग्यूवर जातो आणि इथेच दिवस वाया जातात. मार्चमध्ये रानालगतच्या गावातला असा रुग्ण असेल तर 'काजूच्या बागेत काम करतो, माकडतापाची तपासणी हवी' असं डॉक्टरांना तोंडाने सांगा. विचारायची वाट बघू नका.

तापाच्या पहिल्या आठवड्यात आरटी-पीसीआर, म्हणजे रक्तात विषाणूच शोधणारी तपासणी. पाचव्या दिवसानंतर आयजीएम एलायझाही करावी, ती शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं शोधते. दुसऱ्याच दिवशी केलेली आयजीएम निगेटिव्ह आली तर तिचा अर्थ 'आजार नाही' असा होत नाही, ती पुन्हा करावी लागते. नमुना बर्फात ठेवूनच पाठवायचा.

तापाला फक्त पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको, इंजेक्शनमधूनही नको, कारण रक्तस्राव वाढतो. विषाणूवर खास औषध नाही. सलाईन, रक्तदाबावर लक्ष आणि गरजेनुसार रक्तघटक, एवढंच हातात असतं. तरी वेळेत दाखल झालेला रुग्ण बहुधा बरा होतो. मृत्यूचं प्रमाण 3 ते 5 टक्के आहे.

एक गोष्ट घरच्यांना बजावून सांगा. 10 ते 20 टक्के रुग्णांना ताप उतरून एक-दोन आठवडे बरं वाटतं आणि मग तो परत येतो. या वेळी डोकेदुखीबरोबर हात थरथरणं, बडबड, धूसर दिसणं असं होऊ शकतं. बरा झाला म्हणून चौदाव्या दिवशी माणसाला परत बागेत धाडू नका.

शिवमोग्याचा_शेजारी:
लशीबद्दल. 1957 साली कर्नाटकातल्या शिवमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात हा विषाणू सापडला, तिकडे याला मंगन कायिले म्हणतात. जुनी लस महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, मग 6 ते 9 महिन्यांनी बूस्टर आणि पुढे दरवर्षी एक अशी होती. इतक्या वेळा दंडावर दुखरी सुई घ्यायला लोक येईनात आणि दोन मात्रांनी मिळणारं संरक्षणही अपुरंच होतं. कर्नाटकाने ती 2022 मध्ये थांबवली. नवी लस तयार होते आहे, पण या हंगामात तिच्यावर विसंबू नका.

सेवा करणाऱ्याला लागण होत नाही, माकडताप माणसाकडून माणसाला जात नाही. ही भीती बहुधा क्रिमियन-काँगो तापामुळे आली असावी. तोही गोचिडीचाच, पण वेगळा विषाणू. तो जनावराच्या आणि रुग्णाच्या रक्तातूनही पसरतो. 2011 मध्ये गुजरातेत रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांचाही त्यात जीव गेला. दोन्हींची गल्लत करून माकडतापाच्या रुग्णाला वाळीत टाकू नका.

मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, ओढून बाजूलाही टाकू नका. अंगावरच्या गोचिडी तिथेच खाली उतरतात आणि ती जागा पुढचे कित्येक आठवडे धोक्याची राहते. वनरक्षकाला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. ते आजूबाजूला मॅलॅथिऑन ही कीटकनाशक पावडर मारतात. तोवर बागेचा तो कोपरा सोडून द्या, बोंडं सडली तरी चालतील.

बागायत_दोडामार्ग:
माकडाला पुरायचं की जाळायचं?

शिवमोग्याचा_शेजारी:
ते तुमचं काम नाही. शवविच्छेदनाचा नमुना घेतल्यावर वनखातं आणि पशुवैद्यकीय माणसं जाळतात. आधीच पुरलंत तर विषाणू तिथे होता की नाही हेच कळणार नाही.