मदत हवी आहे: कात्रज-कोंढवा रोडवर स्पीडब्रेकरसाठी अर्ज कुठे करायचा?
मंडळी, आमच्या गेटसमोरून रस्ता ओलांडायचा म्हणजे जीव मुठीत धरूनच, डंपर-टँकर उतारावरून सुसाट येतात आणि झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे तर पार पुसून गेलेत. परवा एका बाइकवाल्याने आईच्या पिशवीला उडवलं, टोमॅटो सगळे रस्त्यावर, नशीब हात वाचला. आता सोसायटीतल्या पोरांचं स्वतःच सिमेंट ओतून स्पीडब्रेकर करायचं चाललंय, मी म्हटलं थांबा रे, आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मापं-नियम ठरवणारी संस्था) मापाने तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच लागतो, तुमच्या उंचवट्यावर रात्री टू-व्हीलरवाल्यांचे दात पडतील. तर अर्ज आधी वॉर्ड ऑफिसला द्यायचा की ट्रॅफिक पोलिसांना? कुणी करून घेतलं असेल तर अर्जाचा नमुना टाका ना प्लीज, आणि फोटो जोडावे लागतात का तेही सांगा.