डीमा स्रूजी यांची काच: आकार एकीचा, फुंकर दुसऱ्याची, मग श्रेय कोणाचं?

रेघोटी:
मी मुंबईत प्रॉडक्ट डिझाइन शिकते. सेमिनारसाठी डीमा स्रूजी हा विषय घेतलाय. त्या पॅलेस्टिनी वास्तुविशारद. २०१६ मध्ये त्यांनी 'हॉलो फॉर्म्स' हा उपक्रम सुरू केला. आकार त्या रेखाटतात आणि जेरुसलेम-रामल्लाच्या मधल्या जबा गावातले कारागीर ते काचेत उतरवतात. वर्गात यावरून जोरात वाद झाला. हात कारागिराचे, मग नाव डिझायनरचं का? दुसरी शंका अशी की पॅलेस्टाइनमधल्या हेब्रॉन शहराची काच म्हणजे जाड, निळी, बुडबुडे असलेली. यांच्या वस्तू मात्र पातळ, नळीला नळी जोडत गेलेल्या. दोन्ही एकाच परंपरेतल्या कशा?

बर्नरवाला:
रेघोटी, मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचकाम करून निवृत्त झालो. आधी दुसऱ्या शंकेबद्दल लिहितो, म्हणजे पहिलीचं उत्तर सोपं होईल.

हेब्रॉनला भट्टीचं काम चालतं. वापरलेल्या बाटल्या फोडून वितळवायच्या, लोखंडी फुंकणीच्या टोकावर रस घ्यायचा आणि फुंकायचा. गडद निळा रंग कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा. बाटलीची काच कारखान्यातल्या वेगवान यंत्रांसाठी बनवलेली असते, त्यामुळे ती पटकन आवळते. कारागिराला काही क्षणच मिळतात. म्हणून तिथले आकार साधे, गोल, भरीव. बुडबुडे राहतात, कारण लहान भट्टीत रस फार वेळ, फार तापवून निवळत ठेवता येत नाही. काही जण त्याला दोष म्हणतात. मला ती काच अतिशय देखणी वाटते.

स्रूजींच्या वस्तूंचे फोटो पाहून मला ते बर्नरचं काम वाटतं, म्हणजे आमच्याच जातकुळीचं. यात तयार ट्यूब ज्योतीवर फिरवत मऊ करायची, एक टोक बुचाने बंद, दुसऱ्या टोकाला रबरी नळी, नळीचं तोंड आपल्या ओठांत. ज्योत पिवळी भडकते, म्हणून डोळ्यांवर डिडिमियमचा, म्हणजे ती पिवळी झळाळी अडवणारा चष्मा. इथे एका सांध्यावर हवा तितका वेळ थांबता येतं. पातळ चोच, कुशीत दुसरी नळी, हे सगळं त्यामुळेच जमतं. पण जोडात ताण राहिला तर वस्तू रात्रीत तडकते. म्हणून शेवटी अनीलिंगच्या भट्टीत हळूहळू थंड करावी लागते. साधन वेगळं, पण श्वास तोच. मला तरी ही परंपरा तुटलेली वाटत नाही.

आता श्रेय. प्राध्यापक माझ्याकडे कंडेन्सरचं, म्हणजे वाफ थंड करून द्रव करणाऱ्या काचेच्या उपकरणाचं चित्र घेऊन यायचे. आतली वेटोळी नळी कागदावर कुठूनही जोडता येते. काचेत आधी वेटोळं आत सरकवायचं, मग बाहेरच्या नळीशी सांधायचं, आणि सांध्यावर ज्योत पोचायला जागा लागते. मी तसं सांगायचो, ते चित्र बदलायचे. शोधनिबंधात त्यांचं नाव यायचं, माझं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून डिझायनरने काढलेला आकार कारागिराच्या बोलण्याने किती बदलला, हे मी आधी विचारेन. बदलला असेल तर वस्तू दोघांची आहे.

तेरणाकाठ:
थोडा इतिहास, कारण स्रूजींचं काम त्यावरच उभं आहे. काच फुंकण्याची कला इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात याच पट्ट्यात सुरू झाली. तिचे सर्वांत जुने पुरावे जेरुसलेमच्या उत्खननात मिळाले. अक्का या बंदराजवळच्या बेलस नदीच्या वाळूबद्दल रोमन लेखक प्लिनी लिहितो. त्या वाळूत शिंपल्यांचा चुना मिसळलेला असे आणि चुन्याने काच टिकाऊ होते. वाळू वितळवायला लागणारा क्षार इजिप्तहून यायचा. पुढे 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रीक सागरी व्यापाराच्या पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालात कच्ची काचही आहे, आणि पैठण, तगर (आपलं तेर) इथला माल त्याच भडोचला जायचा. अठराव्या शतकात व्होल्ने हा फ्रेंच प्रवासी हेब्रॉनच्या रंगीत बांगड्यांबद्दल लिहितो. त्या इस्तंबूलपर्यंत जात.

रेघोटी, 'घोस्ट्स' ही मालिका सोडू नकोस. पॅलेस्टाइनच्या मातीतून निघालेली प्राचीन काचपात्रं आज पाश्चात्त्य संग्रहालयांत आहेत. स्रूजींनी त्यांच्या प्रतिकृती तिथल्याच कारागिरांकडून फुंकवून घेतल्या. पुढे २०२२-२३ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्या जमील फेलो (म्हणजे पाठ्यवृत्तीवर) होत्या. ज्या मुलांना चेकपोस्ट ओलांडून जेरुसलेमला जाणंही कठीण, ती लंडन-न्यूयॉर्कला जाऊन आपल्या पूर्वजांची कुपी कधी बघणार? अशी प्रतिकृती गावातच बनते, याचं मोल मला फार वाटतं.

रेघोटी:
काका, मनापासून आभार. जुन्या कुपीची प्रतिकृती करताना कारागिराला तरी काय मोकळीक असते? ती नक्कलच नाही का?

बर्नरवाला:
नाही गं. फोटोत कुपीची बाहेरची रेषा दिसते. भिंत किती जाड, मान आधी ओढली की तळ आधी बसवला, कान कुठून चिकटवायला सुरुवात केली, हे फोटो सांगत नाही. ते हाताला शोधावं लागतं, आणि शोधताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने काय क्रम धरला असेल ते उलगडत जातं. पुरातत्त्ववाल्यांनाही ही माहिती हवी असते. तुझ्या सेमिनारमध्ये प्रत्येक चित्राखाली दोन ओळी दे: 'आकार' आणि 'काचकाम'. काचकामापुढे 'स्थानिक कारागीर' एवढंच लिहून थांबू नकोस, घराण्याचं नाव प्रसिद्ध झालेलं असेल तर तेही लिही.