लेकीसाठी पुण्यात खोली: वाकड की चिंचवड?

चोपड्याची आई: मुलीला हिंजवडीत नोकरी लागली. ड्युटी दुपारी दोनची, सुटणार रात्री अकराला. एजंट वाकडचा फ्लॅट दाखवतो, "एकदम सेफ एरिया, काकू." त्याला काय, दलालीशी मतलब! भाऊ म्हणतो चिंचवडला ठेव, तिथे आपली खान्देशी माणसं भरपूर, श्रावणात आपली कानबाई देवी बसते. पण ऑफिस लांब पडेल. काय बघून ठरवू?

भुसावळकर: ताई, आधी कंपनीला विचारा, कॅब दारापर्यंत येते की नाक्यावर सोडते. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय मालकाने करायची असते. हे एचआरकडून लेखी घ्या.

वाकडची भाडेकरू: मी मूळची अमळनेरची. काकू, खोली दिवसा बघू नका. रात्री अकराला मेन रोडपासून गेटपर्यंत चालून बघा. दिवे आहेत का, मेडिकल उघडं आहे का, वॉचमन जागा आहे का. माझ्या सोसायटीत कॅमेरे ढीगभर, पण बाहेरची गल्ली काळीकुट्ट! म्हणून मी बिल्डिंग बदलली, एरिया तोच ठेवला.

भुसावळकर: हो, आणि भाडेकरूची पोलीस नोंदणी घरमालकाला करायला लावा. वाकड, हिंजवडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतात, पुणे शहर पोलिसांकडे नाही. अडचणीत 112.

चोपड्याची आई: कॅबचं तर डोक्यातच नव्हतं. शनिवारी यांना घेऊन येते, रात्रीच बघू. भरीताची वांगी आणू का कोणाला?